पाहुणी आलेली पेटी

पेटी घरी आली ती पाहुणी म्हणून. भजनी मंडळाच्या दोघांनी ती देवळातून उचलून आणली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि माझ्या सासऱ्यांनी दाखवलेल्या जागी, ओसरीच्या मधोमध, घोंगडीवर ठेवली. जाताना त्यातला एकजण मला म्हणाला, वहिनी, पोरीला जरा लांब ठेवा, देवाची चीज हाय. चिमी माझ्या कडेवर होती. तिनं पेटीकडं हात केला होता. मी तो हात धरून खाली घेतला. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

कारण ती पेटी माझी होती.

म्हणजे आधी अप्पांची, माझ्या वडिलांची. मंठ्याकडच्या खेड्यापाड्यात तातेराव पेटीवाले म्हटलं की लोक ओळखतात. भजन, भारूड, लग्न, कलापथक, जिथं सूर लागेल तिथं अप्पा सायकलला पेटी बांधून जायचे. माझ्या लग्नात रुखवतात लोक चिवड्या-लाडवांची ताटं मांडतात तिथं अप्पांनी मधोमध पेटी मांडली. त्यांच्याकडं देण्यासारखं तेवढंच चांगलं होतं. तिच्या एका पांढऱ्या पट्टीचं टोक मी लहानपणी मोडलं होतं. अप्पांनी तिथं आईच्या कंगव्याचा तुकडा घासून चिकटवला होता. मी त्या पट्टीवर पहिला सा धरायला शिकले.

बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा पेटी आमच्या खोलीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. चिमीला घेऊन परत आले तर लुगडं घडी करून ठेवलेलं. मला पोचवायला अप्पा आले होते. दिवेलागणीला देवळात भजन सुरू झालं आणि अप्पा हातातला चहा तसाच धरून बसले. त्यांनी आवाजावरून आपली पेटी ओळखली होती. मंग उठले, दर्शनाला जाऊन येतो म्हणाले, आणि जाऊन आले. नातीच्या हातावर हात फिरवला आणि शेवटच्या गाडीनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. पेटीच्या समोरच्या फळीवर लाल तेलरंगात लिहिलं होतं: कै. गिरिजाबाई यांच्या स्मरणार्थ, भुजंगराव यांजकडून भजनी मंडळास सप्रेम भेट.

भुजंगराव म्हणजे माझे सासरे. गिरिजाबाई त्यांची आई. मी विचारलं तर ते म्हणाले, घरात पडून होती, देवाच्या कामी लागली, पुण्य तुझ्या बापालाच हाय की. सासूबाई, सगुणाबाई, पोळी लाटता लाटता म्हणाल्या, आता लेकरू सांभाळायचं का बाजा वाजवायचा. नवरा आदिनाथ जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे, आठवड्यानं येतो. तो फोनवर म्हणाला, एवढं काय त्यात, नवी घेऊ. नवी घेऊ म्हणणाऱ्या माणसाला पुढं काय समजावायचं? मी फोन ठेवला.

चिडायचीही सोय नव्हती. पाजणाऱ्या बाईनं चिडू नये, राग दुधात उतरतो, असं आमच्याकडं मानतात. माझा आवाज जरा चढला की सासूबाई चिमीकडं बोट दाखवायच्या. मी गप्प व्हायची. भाजीत मीठ टाकताना, लंगोट पिळताना, पोरगी अंगावर पीत असताना तिच्या टाळूकडं बघत मी गप्प असायची. तो राग कुठं जात होता ते मला तरी कळत नव्हतं.

अशात आमच्या घरी व्हिएतनामची माणसं आली.

माझा दीर भागवत इथंच कुंभार पिंपळगावात लग्नाचं शूटिंग करतो. त्याचा एक मित्र संभाजीनगरला नाटकाच्या कोर्सला आहे, त्याच्या ओळखीनं हे दोघं आले. थुई नावाची चाळिशीची बाई आणि क्वांग नावाचा गडी. ते त्यांच्या देशात गावोगाव फिरून तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना घेऊन छोट्या फिल्मा करतात. नावेवर गाणाऱ्या म्हाताऱ्या, मयतीला वाजवणारे, लेकरं निजवणाऱ्या आया. नियम एकच, की गाणं त्या माणसाचं स्वतःचं पाहिजे आणि सूर त्या घरातलाच पाहिजे. त्यात क्वांग आपलं एका तारेचं वाद्य मिसळतो. लांबट लाकडी खोक्यावर ताणलेली एकच तार, तुणतुण्याच्या नात्यातलीच, पण तिचा आवाज माणूस आवंढा गिळतो तसा वाकतो. आता त्यांना इकडची एक आई लेकराला निजवताना हवी होती. भागवत म्हणाला, आमच्या घरीच हाय की.

थुईनं चिमीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाक मुरडून इंग्रजीत म्हणाली, काय कुरूप पोर आहे. भागवत बावरला, काय सांगावं त्याला कळेना. शाळेतलं इंग्रजी मला बऱ्यापैकी येतं, मीच सासूबाईंना सांगितलं. त्या खूष झाल्या. ते लोकही आपल्यासारखेच, लेकराला चांगलं म्हणत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "हिला कळतंय बरं. न्हाईतर ती आदिनाथच्या कारखान्यातली साहेबीण आल्ती, गोरी गोरी करत बसल्ती अन् पोर रातभर रडलं."

त्या संध्याकाळी ओसरीच्या भिंतीला चादर लावून थुईनं आम्हाला तिची एक फिल्म दाखवली. तिची मावशी झाडाला टांगलेल्या झोळण्याशी बसली आहे, पायाच्या अंगठ्यानं झोका देते आहे आणि इतक्या हळू गाते आहे की कोंबडी चालली तर तिचा आवाज मोठा वाटावा. भागवत म्हणाला, काय गोड अंगाई हाय. थुई हसायला लागली. मंग तिनं सांगितलं आणि मी ते घरच्यांना मराठीत सांगितलं. त्यांच्या गावाकडं सुनेला सासूपुढं तोंड उघडता येत नाही. पण लेकरू निजवताना तिला कुणी अडवू शकत नाही. म्हणून ती झोळण्याशी बसून सगळं गाते. मला पोटभर जेवू दिलं नाही, माझा भाऊ आला तर त्याला उंबऱ्यावरून परत लावलं, सगळं. सासू तिथंच पडवीत बसून ऐकते, खोकते, पण मध्ये बोलली तर लेकरू उठतं. ही मावशी हेच गात होती आणि फिल्ममध्ये मागं जी म्हातारी सुपारी कातरते आहे ती तिची सासू.

सासरे हसले. आमच्याकडं असलं चालत न्हाई म्हणाले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिमीच्या गालावरची तीट बोटानं नीट केली.

मला त्या रात्री लवकर झोप लागली. असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

घरातला सूर म्हणजे कोणता, असं थुईनं विचारलं तेव्हा सासरेच पुढं झाले. म्हणाले, पेटी हाय की, देवळातली, आपणच दिल्याली, जर्मन सुरांची. तशी ती मंडळाकडून घरी आणवली, आणि वाजवणार कोण, तर तेच. त्यांना पेटी येत नाही. भागवतनं त्यांना एक पट्टी दाखवली, ही दाबून धरा अन् भाता हलवत राहा, बाकी क्वांग बघून घेईल. ती कंगव्याच्या तुकड्याची पट्टी होती. मी चिमीला पाजत भिंतीकडं तोंड करून बसले होते, तरी कानानं मला ते कळलं.

माझ्याबद्दल असं ठरलं की मी झोळी हलवायची. तोंड हलवून गुणगुणायचं. माझा आवाज नंतर काढून भागवत तिथं संभाजीनगरच्या एका गायिकेचा आवाज घालणार होता. घरच्या सुनेचा आवाज परदेशात कशाला, असं सासऱ्यांचं म्हणणं. थुईला भागवतनं हे सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. "वहिनी, तुम्ही काहीबी म्हणा, ते कटच होणाराय." हे तो चेष्टेत म्हणाला होता.

सकाळपासून गल्लीत बातमी झाली होती. सासऱ्यांनी नवं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि पेटी स्वतः फिरवून ठेवली, नाव लिहिलेली फळी कॅमेऱ्याकडं येईल अशी. पंखा बंद, फोन बंद, कोंबड्या डालग्याखाली. शेजारची लालबी दारात येऊन बसली. थुईनं सगळ्यांना समजावलं होतं की तिनं मूठ वर केली की कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, ती मूठ उघडेपर्यंत. झोळी ओसरीच्या तुळईला बांधलेली, माझ्याच लग्नातल्या हिरव्या साडीची. मी चिमीला आत ठेवलं. थुईनं मूठ वर केली.

सासऱ्यांनी भाता उघडला. तोच सूर लागला. अप्पांच्या मांडीला लागून बसलेली मी, आणि त्यांचं बोट त्या पट्टीवर. मी ठरवून काही केलं नाही, एवढं खरं. मी झोळीला झोका दिला आणि माझं तोंड उघडलं.

निज गं माझ्या चिमे, झोळीला देते झोका
आज्याची तुझ्या पेटी कुणी नेली, पुस लोका

आवाज मी अगदी हळू ठेवला होता. चिमी अजून जागी होती, साडीच्या फटीतून माझ्याकडं बघत होती. सासरे कॅमेऱ्याकडं बघून जरासे हसत होते. त्यांच्यापर्यंत शब्द पोचले नव्हते.

माहेरी गेले होते तुला आणाया, माझे बाई
माघारी दान झालं, मला पुसलं कुणी न्हाई

आता पोचले. भात्यावरचा हात थांबला, सूर खाली बसायला लागला. क्वांगनं कानाला हेडफोन लावले होते, त्याच्या कपाळाला आठी पडली. थुईनं मूठ तशीच वर ठेवून दुसऱ्या हातानं खुणावलं, चालू द्या. सासऱ्यांनी इकडं तिकडं पाहिलं. समोर कॅमेरा, दारात गल्ली. त्यांनी भाता हलवला. मी ज्या पेटीबद्दल गात होते तिचा सूर तेच मला देत होते. चिमीचे डोळे मिटायला लागले.

मूठ उघडली तेव्हा ओसरीत कुणी बोलेना. थुईला वाटलं सगळे शिस्तीत आहेत. ती समाधानानं म्हणाली, आता पुन्हा, जवळून.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, की ही माणसं तेच काम पुन्हा पुन्हा करतात. एकदा लांबून, एकदा माझ्या हाताजवळून, एकदा नुसत्या पेटीवरून. भागवत घाईनं म्हणाला, एकच पुरे, नंतर जोडून घेऊ. थुईनं मान हलवली. लेकरू झोपतंय तोवरच घ्यायचं, त्यांच्याकडं असंच करतात. सासरे उठायला लागले तर क्वांगनं अदबीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं, आणि सूर छान लागलाय अशी खूण केली.

मूठ वर. दुसऱ्यांदा मी पहिल्या दोन्ही ओव्या गायले आणि तिसरी आपोआप आली.

पेटीवरती नाव कुणाचं, तेलरंगाचं ताजं ताजं
त्याच्या खाली पट्टी झिजली, बोट हाय बापाचं माझं

सासऱ्यांचं बोट त्याच पट्टीवर होतं. ते उचललं तर सूर तुटेल, ठेवलं तर ठेवलेलं दिसेल. त्यांनी ठेवलं. मानेवरून घाम फेट्याखालून सरळ सदऱ्यात जात होता. दारातून लालबी पुटपुटली, "बराबर हाय." थुईनं तिच्याकडं डोळे वटारले.

इतका राग मी कधी इतक्या सावकाश बाहेर काढला नव्हता. ओरडले असते तर एका मिनिटात संपला असता आणि चूक माझीच ठरली असती. इथं तो ओवीच्या मापानं येत होता, झोक्याच्या चालीनं, आणि पोरगी त्यावर गाढ झोपत चालली होती. झोळी बरोबर हलत होती.

तिसऱ्यांदा कॅमेरा पेटीवर होता. मी सासऱ्यांकडं पाहिलंच नाही. सासूबाई चुलीकडच्या दारात उभ्या होत्या, हातात ताट, ठेवायचं विसरलेल्या. मला त्यांचाही राग होता. सासऱ्यांइतकाच, काकणभर जास्तच. पेटी गेली तेव्हा त्या घरातच होत्या. लुगड्याची घडी त्यांनीच घातली होती, ती त्यांच्या हातची घडी मी ओळखते.

माझ्या सासूबाई, तुमचंबी काय गेलं
सांगा झोळीपाशी, लेकरू निजलेलं

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यामुळं तो टेक बिघडला असं क्वांग म्हणाला. थुई म्हणाली, राहू दे, तोच घेऊ.

त्यानंतर काय झालं ते पटकन झालं. सासरे परसात गेले आणि भागवतवर बरसले. भागवत आत येऊन मला म्हणाला, ह्यातलं काही राहणार न्हाई, मी आवाज बदलून राह्यलो, बिलकुल न्हाई राहणार. तेवढ्यात थुईनं त्याला ओव्यांचा अर्थ विचारला. फिल्मखाली लिहावा लागतो. तो म्हणाला, चांदोबा आहे, गाय आहे, पोपट आहे. थुईनं माझ्याकडं पाहिलं. मी चिमीच्या झोळीशी बसूनच तिला एकेक ओळ सांगितली, पेटी कुणाची ते, नाव कुणाचं ते. आवाज बदलायचं ठरलंय तेही सांगितलं. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं की हे असंच ठेवलं तर तुला इथं त्रास होईल का. मी म्हणाले, तो आहेच. ठेव. माझा आवाज ठेव.

थुई भागवतला म्हणाली की आवाज बदलला तर ती फिल्मच करणार नाही. मंग सासरे आले. सकाळी ज्यांनी फळी फिरवून ठेवली होती ते आता भागवतला म्हणत होते, त्यांना सांग, ती नावाची फळी दिसू देऊ नका. क्वांगनं त्यांना मोबाईलवर चित्र दाखवलं. फळी लखलखीत दिसत होती, आणि तिच्यावर त्यांचा हात. ते माझ्याकडं वळले.

"देवाची चीज मागून राह्यलीस तू. लाज हाय का?"

"देवानं मागितली नव्हती, मामा. तुम्ही दिली. माझी दिली."

"सून म्हणून आणली तुला, वकील म्हणून न्हाई."

"पेटी वाजवणारी म्हणून आणली असती तर बरं झालं असतं."

माझा आवाज चढला होता. चिमी झोळीत चुळबुळली. सासऱ्यांनी तिच्याकडं बोट केलं, सवयीनं, आणि मी सवयीनं गप्प झाले नाही. मी झोका देत देत, त्याच हळू आवाजात म्हणाले की अप्पा त्या दिवशी तुमच्या देवळात उभे राहून परत आले, तुम्ही ओट्यावर पान लावत होता, तुम्ही त्यांना बसा म्हणालात आणि दुसरं काहीच म्हणाला नाहीत. ते सांगताना मला रडू आलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. आलं नाही.

ते बाहेर निघून गेले.

उन्हं कलल्यावर मंडळाची तीच दोन माणसं पेटी न्यायला आली. चपला काढल्या. पेटी झोळीच्या अगदी खाली होती, झोळीला वळसा घातल्याशिवाय उचलता आली नसती. मी उठून उभी राहिले. काय करणार होते मला ठाऊक नाही. पण माझ्या आधी सासूबाई आल्या आणि झोळीची दोरी हातात धरून पेटीला पाय टेकवून बसल्या. देवाच्या चिजेला पाय लागला म्हणून ती माणसं चरकली.

"लेकरू निजलंय," सासूबाई म्हणाल्या. "उद्या या."

"भुजंगअण्णांनी सांगितलंय."

"त्यांना म्हणावं, लेकरू निजलंय."

ती दोघं चपला घालून गेली. सासूबाई झोका देत राहिल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझी गाय होती. माहेराहून आणल्याली. मी भावाच्या लग्नाला गेल्ते, आले तर दावं रिकामं. कुणी बोललं न्हाई."

मी विचारलं, "मंग पेटी नेली तेव्हा तुम्ही का बोलल्या न्हाईत?"

त्यांनी दोरी ओढली. मला त्यांची दया आली नाही. येईलही पुढं कधी. जिला दावं रिकामं दिसलंय तिनं लुगड्याची घडी कशी घातली, हे मला अजून समजत नाही.

मी खोलीत गेले. लग्नातल्या डब्यात नखांचा रंग काढायची बाटली होती, कधीच न वापरलेली. ती, कापूस आणि उलथनं घेऊन मी पेटीपुढं बसले. कापूस ओला करून शेवटच्या अक्षरावर धरला. गिरिजाबाईंशी माझं भांडण नाही, त्यांचं नाव मी राहू दिलं. खालच्या ओळीपासून सुरुवात केली. तेलरंग सुटायला वेळ लागत होता, लाल पाणी बोटांवरून मनगटावर येत होतं. सासूबाई बसल्या जागेवरून बघत होत्या, दोरी ओढत होत्या. नको म्हणाल्या नाहीत. मदतही केली नाही.

'भेट' निघालं. मंग 'सप्रेम'. चिमी उठली, रडायला लागली. मी हात धुऊन तिला पदराखाली घेतलं. अंगणात सासऱ्यांच्या चपलांचा आवाज आला. पिताना ती माझ्याकडं बघत होती, शांत, एक हात माझ्या गळ्यावर. दुधात राग उतरत असेल तर तिच्यात तो आता चांगला भरला असेल. पिऊ दे. तिला तो लागेल.